अळीच्या पेशीचा दरवाजा

पावसाळ्यात अँटॉप हिलच्या एखाद्या वस्तीतून चक्कर मारा. नळाला पाणी ठराविक वेळीच येते, म्हणून दाराशी पिंपे भरून ठेवलेली दिसतील. ज्याचे झाकण नीट बसलेले नाही, अशा पिंपात डोकावून पाहा. पाण्यात वळवळणाऱ्या बारीक अळ्या दिसल्या, तर त्या बहुधा एडिस इजिप्ती या डासाच्या असतील. डेंग्यू पसरवणारा डास तो हाच.

या अळीचे आवरण आपल्या कातडीसारखे वाढत नाही. शाळेचा सदरा तोकडा झाला की आपण नवा शिवतो, तशी अळी वाढली की जुनी कात टाकते. चार वेळा कात टाकली की तिचा कोश होतो आणि कोशातून डास बाहेर पडतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात हे सारे आठ-दहा दिवसांत उरकते.

पण कात केव्हा टाकायची, हे अळीला सांगते कोण? हा हुकूम एका संप्रेरकाचा असतो. त्याचे नाव एक्डायसोन. १९५४ साली बुटेनांट आणि कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी ते प्रथम शुद्ध स्वरूपात मिळवले. त्यासाठी त्यांना रेशमाच्या किड्यांचे सुमारे ५०० किलो कोश लागले, आणि हाती आले अवघे २५ मिलिग्रॅम संप्रेरक!

आता खरा प्रश्न. एक्डायसोन अळीच्या रक्तातून वाहत येते, पण त्याचा हुकूम वाचला जातो पेशीच्या आत. मग ते आत शिरते कसे? हे संप्रेरक स्टेरॉइड जातीचे, म्हणजे स्निग्ध पदार्थांच्या गोत्यातले. पेशीचे पटलही स्निग्ध. तेव्हा तेलात तेल मिसळावे तसे ते आपोआप झिरपत असणार, असे पाठ्यपुस्तके अनेक वर्षे सांगत आली.

२०१८ साली या समजुतीला धक्का बसला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील प्रयोगशाळेत नाओकी यामानाका, नाओकी ओकामोटो आणि त्यांचे सहकारी फळमाशीवर काम करीत होते. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिमुकली माशी ती हीच. तिच्या पेशीपटलात त्यांना एक वाहक प्रथिन सापडले. एक्डायसोनला आत घेणारा हा जणू दरवाजाच! या प्रथिनाचे जनुक बिघडवले, तेव्हा अळीची वाढ खुंटली. पोस्टमन पत्र घेऊन दारात उभा, पण दार बंद. मग पत्र वाचणार कोण?

पुढे २०२२ साली याच प्रयोगशाळेने एडिस इजिप्तीतील असे दरवाजे तपासले. ते एकाहून अधिक निघाले, आणि डासाच्या वाढीसाठी व प्रजननासाठी त्यांची गरज असल्याचे दिसले. प्रजननासाठी कशी? मादी आपले रक्त पिते, त्यानंतर तिच्या शरीरात एक्डायसोन तयार होते. त्याच्या हुकुमावरून अंड्यांसाठी पोषक प्रथिने बनू लागतात.

मग हा दरवाजाच बंद करणारे औषध शोधले तर? कल्पना मोलाची आहे. डी.डी.टी.सारख्या जुन्या औषधांना डास ठिकठिकाणी दाद देईनासे झाले आहेत, म्हणून नव्या वाटा हव्या आहेत. दरवाजा पेशीच्या पृष्ठभागावरच असल्याने औषधाला आत शिरण्याचीही गरज नाही. शिवाय आपले शरीर एक्डायसोन बनवत नाही. पालकाच्या भाजीत त्याच घराण्यातले संयुग असते, ते आपण खातोच की!

मात्र घाई नको. या वाहक प्रथिनाचे भाऊबंद आपल्या पेशींतही आहेत. ते निरनिराळे पदार्थ आत-बाहेर नेण्याचे काम करतात. औषधाने कीटकाचा दरवाजा लावावा, आपला नव्हे. मधमाशीही कीटकच आहे आणि तिलाही अशाच संप्रेरकाच्या आधाराने वाढायचे असते. डासाचा दरवाजा बंद व्हावा आणि मधमाशीचा उघडा राहावा, ही किल्ली शोधणे सोपे नाही. तिचा शोध अजून प्रयोगशाळेतच चालू आहे.

तोवर आपल्या हाती काय? पिंपाचे झाकण! अळीला डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, म्हणूनच आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायचा. पिंप रिकामे करा आणि आतून घासून घ्या, कारण या डासाची अंडी भिंतीला चिकटून सुक्यातही तग धरतात.

एक प्रयोगही करा, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली. पाच-सहा अळ्या पाण्यासह काचेच्या बरणीत घ्या आणि तोंडाला दुहेरी जाळीदार फडके घट्ट बांधा. रोज भिंगातून पाहा. पाण्यात एक दिवस पारदर्शक, रिकामी कात तरंगताना दिसेल. एक्डायसोनचा हुकूम पोचल्याची ती पावतीच समजा! कोश दिसू लागताच शिक्षकांकरवी बरणीत उकळते पाणी ओतायला मात्र विसरू नका.