शेवटच्या तासाचा राखणदार

26 जून 2022. बंगळुरूचे चिन्नास्वामी स्टेडियम, रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा पाचवा दिवस. एका तंबूत मुंबई. गाठीशी 41 विजेतेपदे आणि प्रशिक्षक अमोल मुझुमदार. दुसऱ्या तंबूत मध्य प्रदेश. विजेतेपद एकही नाही आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. दोघेही शिवाजी पार्कच्या मातीत, रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली घडलेले. मध्य प्रदेशला 108 धावा हव्या होत्या, त्या त्यांनी चार गडी गमावून काढल्या. मुलांनी पंडितांना खांद्यावर उचलून घेतले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतले पाणी थांबत नव्हते.

आम्हा माधवनगरकरांना त्या दोघांपैकी मुझुमदार अधिक जवळचे. कारण उघड आहे. 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक मुझुमदार होते आणि उपकर्णधार होती आमची स्मृती मानधना. दोन वर्षांची असताना आईवडिलांसोबत सांगलीजवळच्या माधवनगरला आलेली, इथेच शाळा शिकलेली ही मुलगी त्या स्पर्धेत 434 धावा करून गेली. तिचे कौतुक आम्ही घरोघरी केले, अजून करतो आहोत. पण विजय हजारे यांचा जन्म ज्या सांगलीत झाला त्या सांगलीतसुद्धा प्रशिक्षकाविषयी बोलायला कोणी फारसे थांबत नाही. खेळाडूची प्रत्येक धाव आपल्याला तोंडपाठ असते. त्याला घडवणाऱ्याच्या वाट्याला मात्र सत्कारातली एक शाल येते. म्हणून हा लेख बंगळुरूत जिंकलेल्या माणसावर. देशांतर्गत क्रिकेटमध्ये तीन वेगवेगळ्या संघांना रणजी करंडक मिळवून देणारा हा मराठी यष्टिरक्षक काय पाहत आला आणि त्यातून काय शिकला, हे नीट समजून घ्यायला हवे असे मला मनापासून वाटते.

यष्टिरक्षकाचे काम बाहेरून दिसते त्याहून फार कष्टाचे. दिवसाची 90 षटके म्हणजे 540 चेंडू, आणि प्रत्येक चेंडूला एकदा बसायचे, एकदा उठायचे. उठायचे तेही चेंडू टप्पा घेऊन वर येईल तसतसे, त्याच्या आधी नाही. घाईने उठला तर खाली राहिलेला चेंडू पायांखालून जातो. फिरकीला यष्टींना खेटून उभे राहायचे, तेव्हा फलंदाजाचे अंग नेमके ऐन वेळी चेंडूच्या आड येते. मग गोलंदाजाच्या मनगटावरून अंदाज बांधायचा आणि चेंडू आपल्याकडेच येणार असे धरून हात तयार ठेवायचे. फलंदाजाने तो सीमेपार धाडला तरी हात तयार हवेतच. वर्तमानपत्रात यष्टिरक्षकाच्या नावापुढे झेल आणि यष्टिचीत एवढेच छापून येते. उरलेल्या पाचशेहून अधिक वेळा तो डोळ्यांत तेल घालून तयार होता, हे त्याच्या संघाला ठाऊक असते.

हँडबॉलमधला गोलरक्षक याच जातीचा. तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच गोल राखायचा आणि हाताने जोरात फेकलेला चेंडू अंगावर घ्यायचा. क्रोएशियाने 2003 मध्ये जागतिक विजेतेपद आणि 2004 मध्ये अथेन्सला ऑलिम्पिक सुवर्ण मिळवले. दोन्ही वेळा अंतिम फेरीत हरली ती जर्मनी. त्या संघाचा गोलरक्षक व्लादो शोला पुढे प्रशिक्षक झाला. आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर झिम्बाब्वेचा यष्टिरक्षक अँडी फ्लॉवर. त्याच्या हाताखाली इंग्लंडचा कसोटी संघ 2011 मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर पोचला. खेळाचे अख्खे मैदान समोर ठेवून उभी राहणारी ही माणसे. त्यांच्यातून प्रशिक्षक निघतात याचे मला नवल वाटत नाही.

पंडितांचा जन्म 30 सप्टेंबर 1961 चा, मुंबईतला. भारताच्या एकदिवसीय संघात ते आले एप्रिल 1986 मध्ये, शारजाच्या स्पर्धेत. पहिल्याच स्पर्धेचा अंतिम सामना पाकिस्तानशी. त्या सामन्याचा शेवट आपल्या पिढीला कोणी सांगायला नको. एक चेंडू, चार धावा, चेतन शर्माचा फुलटॉस आणि जावेद मियाँदादचा षटकार. त्या चेंडूच्या वेळी यष्टींमागे चोवीस वर्षांचे चंद्रकांत पंडित होते. चेंडू हातातून सुटला तिथपासून तो प्रेक्षकांत जाईपर्यंतचा सगळा प्रवास सरळ रेषेत पाहणारा भारतीय खेळाडू तोच. पन्नास षटके हातात असलेला सामना एका चेंडूत कसा जातो, याचा इतका जवळून मिळालेला धडा दुसरा नसेल.

दोन महिन्यांनी हेडिंग्लेला त्यांनी कसोटी पदार्पण केले, पण फलंदाज म्हणून. जायबंदी मोहिंदर अमरनाथच्या जागी ते खेळले. यष्टींमागे किरण मोरे होते. दिलीप वेंगसरकरांच्या शतकाच्या जोरावर भारताने तो सामना 279 धावांनी जिंकला. 1987 च्या विश्वचषकात वानखेडेवरच्या उपांत्य सामन्यात वेंगसरकर आजारी पडले, तेव्हा पुन्हा पंडितांना बोलावणे आले. ग्रॅहम गूचच्या 115 धावांनी इंग्लंडने तो सामना नेला. कोणाच्या तरी जागी येणे हा त्यांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचा शिरस्ताच ठरला. मोरे 49 कसोट्या खेळले, पंडितांच्या वाट्याला आल्या पाच. ऑस्ट्रेलियाच्या 1991-92 च्या दौऱ्यानंतर ते कसोटी संघात पुन्हा दिसले नाहीत. प्रथम श्रेणीत आठ हजारांहून जास्त धावा आणि 22 शतके करणाऱ्या यष्टिरक्षकाला आज कोणता संघ बाहेर ठेवील?

यानंतर ते मध्य प्रदेशाकडे गेले. 1998-99 च्या मोसमात त्यांच्या नेतृत्वाखाली हा संघ रणजीच्या अंतिम फेरीत पोचला. गाठ कर्नाटकाशी आणि मैदान तेच, चिन्नास्वामी. कर्नाटकाच्या 304 धावांना मध्य प्रदेशने 379 नी उत्तर दिले. पहिल्या डावात 75 धावांची आघाडी मिळाली, म्हणजे सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक त्यांचाच होता. शेवटच्या दिवशी फक्त टिकून राहायचे होते. विजय भारद्वाजच्या फिरकीने 24 धावांत सहा बळी घेतले, मध्य प्रदेश 150 वर संपला आणि कर्नाटकाने 96 धावांनी बाजी मारली. तोंडाशी आलेला घास गेला. कर्णधार म्हणून तो डाग पंडितांनी 23 वर्षे मनात बाळगला, असे त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवले.

त्यांच्या प्रशिक्षणाविषयी लिहिणारे बहुतेक जण शिस्तीवर येऊन थांबतात. खडूस, करडा, वेळेचा पक्का असे सगळे म्हणून होते. ते खरेही आहे. मध्य प्रदेशचा कर्णधार आदित्य श्रीवास्तव याला लग्नासाठी दोनच दिवसांची सुट्टी दिली, हे पंडितांनी स्वतःच सांगितले आहे. मला हे जास्त वाटते. लग्न एकदाच होते आणि त्या घरात आणखी एक कुटुंब असते. पण शिस्त हे पंडितांचे साधन आहे. तिच्यातून त्यांना काय साधायचे होते ते त्यांनी जिंकलेल्या सामन्यांचे शेवटचे दिवस एकापुढे एक ठेवून पाहिले की कळते. हातात आलेला सामना शेवटच्या तासात सुटू द्यायचा नाही, एवढेच.

मुंबईला त्यांनी 2002-03 आणि 2003-04 असे लागोपाठ दोनदा आणि 2015-16 मध्ये पुन्हा विजेतेपद मिळवून दिले. तिसऱ्या वेळी कर्णधार आदित्य तरे, तोही यष्टिरक्षक. अंतिम सामना पुण्याजवळ गहुंजेला झाला आणि सौराष्ट्र डावाने हरला. श्रेयस अय्यरने त्या मोसमात 1321 धावा केल्या. पण मुंबईला जिंकण्याची सवयच होती. पुढच्या वर्षी अंतिम फेरीत गुजरातकडून हार झाली आणि मुंबईने पंडितांना मोकळे केले. ते नागपूरला गेले.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम इथे झाले. विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळत होता आणि सहा दशकांत त्याने अंतिम फेरीचे तोंड पाहिले नव्हते. विदर्भाच्या माणसाला मुंबई-पुण्याकडून मिळणारी वागणूक क्रिकेटमध्येही वेगळी नव्हती. फैज फझल कर्णधार, चाळिशीला टेकलेला वसीम जाफर पाहुणा खेळाडू, आणि बाकी बहुतेक घरची मुले. डिसेंबर 2017 मध्ये कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटकाला जिंकायला 198 धावा हव्या होत्या. शेवटच्या सकाळी त्यांचे सात गडी बाद झाले होते, तरी तळाचे फलंदाज एकेक धाव जोडत अगदी जवळ येऊन ठेपले. अशा वेळी संघाचे खांदे पडतात, क्षेत्ररक्षक मागे सरकतात, कर्णधार सीमेवर माणसे पेरतो. विदर्भाने तसे होऊ दिले नाही. रजनीश गुरबानी टप्पा न सोडता टाकत राहिला आणि कर्नाटक 192 वर संपला. पाच धावांनी विजय. गुरबानीचे सामन्यात बारा बळी.

इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध याच गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली. फलंदाजीत 133 धावा करून डाव उभा करणारा होता अक्षय वाडकर, पहिलाच मोसम खेळणारा यष्टिरक्षक. 1 जानेवारी 2018 ला विदर्भ नऊ गडी राखून विजेता झाला. पुढच्या वर्षी नागपूरला जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून त्यांनी करंडक राखला. तेव्हा आदित्य सरवटेच्या डावखुऱ्या फिरकीने अकरा बळी घेतले, त्यांत चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत होता. एकदा जिंकणाऱ्याला नशिबाने हात दिला असे म्हणता येते. दोनदा जिंकणाऱ्या संघाला तसे म्हणता येत नाही.

2020 मध्ये पंडित मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक झाले. या प्रदेशाला जुन्या होळकर संघाचा वारसा. सी. के. नायडूंच्या काळात त्या संघाने चार वेळा रणजी जिंकली होती, पण तो काळ सरून सत्तर वर्षे होत आली होती. 2022 च्या अंतिम सामन्यात आवेश खान आणि वेंकटेश अय्यर भारतीय संघासोबत असल्यामुळे नव्हते. मुंबईने सरफराज खानच्या 134 धावांसह 374 केल्या. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांच्या शतकांनी मध्य प्रदेश 536 वर गेला. आता स्थिती नेमकी 1999 सारखी झाली. तेच मैदान, पहिल्या डावाची आघाडी हातात आणि एक दिवस बाकी. सामना अनिर्णित राहिला तरी पुरे होते. पण कुमार कार्तिकेय आणि त्याच्या साथीदारांनी मुंबईला 269 वर गुंडाळले आणि मध्य प्रदेशने सामना अनिर्णित न सोडता जिंकून संपवला.

आयपीएलमध्ये कोलकाता नाइट रायडर्सनी त्यांना ऑगस्ट 2022 मध्ये बोलावले. तिथे त्यांची करडी शिस्त सगळ्यांच्या अंगवळणी पडली नाही. संघातून बाहेर पडलेल्या एका परदेशी खेळाडूने तशी तक्रार उघडपणे केली आणि ती ऐकून घेण्यासारखी होती. जगभर खेळून आलेल्या तिशीतल्या माणसाला कपडे आणि वेळ शिकवायची गरज नसते. तरीही 26 मे 2024 ला चेपॉकवर हैदराबादला 113 धावांत रोखून कोलकात्याने विजेतेपद मिळवले. त्यात मार्गदर्शक गौतम गंभीरचा वाटा मोठा होता, हे मान्य करायलाच हवे. जुलै 2025 मध्ये पंडित आणि कोलकाता यांची वाट वेगळी झाली. पंडितांचे खरे क्षेत्र वीस-बावीस वर्षांची मुले, ज्यांच्याकडे अंग आहे, जिद्द आहे, पण पाचव्या दिवसाचे शहाणपण नाही, असे मला वाटते.

आणि मुझुमदार? 1988 च्या फेब्रुवारीत सचिन आणि विनोद कांबळी आझाद मैदानावर 664 धावांची भागी करत होते, तेव्हा पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त धावा करूनही भारतासाठी एकही सामना न खेळलेला. त्यांच्या हाताखाली 2025 च्या विश्वचषकात भारताने ओळीने तीन सामने गमावले, मग स्मृतीच्या 109 धावांनी न्यूझीलंडविरुद्ध संघ सावरला. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या 338 धावा पार करताना जेमिमा रॉड्रिग्ज 127 वर नाबाद राहिली. आचरेकर सरांच्या या दोन शिष्यांना खेळाडू म्हणून जे मिळाले नाही ते त्यांनी दुसऱ्यांना मिळवून दिले.

विदर्भाचे मात्र पुढे काय झाले ते सांगायला हवे. 2024-25 च्या मोसमात पंडित तिथे नव्हते, प्रशिक्षक उस्मान घनी होते. नागपूरच्या अंतिम सामन्यात विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावात 379 धावा केल्या, केरळ 342 वर थांबला. 37 धावांची आघाडी, म्हणजे तोच पेच. 2 मार्च 2025, पाचवा दिवस. विदर्भ खेळपट्टीवर उभा राहिला आणि उभाच राहिला. करुण नायरने 135 केल्या, त्यानंतरही तळाच्या फलंदाजांनी घाई केली नाही आणि धावसंख्या 9 बाद 375 वर गेली तेव्हा दोन्ही संघांनी हात मिळवले. करंडक तिसऱ्यांदा नागपुरात राहिला. तो स्वीकारायला पुढे गेला कर्णधार आणि यष्टिरक्षक अक्षय वाडकर.