तीन दिवसांची भिंत

सोलापुरात चित्रप्रदर्शनाचे उद्‌घाटन बहुधा सायंकाळी होते. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, ‘चित्रातले आपल्याला फारसे कळत नाही’ अशा विनयाने सुरू होऊन अर्ध्या तासाने संपणारे प्रमुख पाहुण्यांचे भाषण, मग चित्रांसमोरून झरझर होणारी एक फेरी. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र येते. त्यात पाहुणे स्पष्ट दिसतात आणि चित्र त्यांच्या खांद्यामागे अर्धे झाकलेले असते. पुढचे दोन दिवस सभागृहात पंख्यांचा आवाज, शाळेने रांगेने आणलेली मुले, चार जुने रसिक आणि दाराशी अभिप्रायवही घेऊन बसलेला चित्रकार एवढेच उरते. तिसऱ्या रात्री चित्रे जुन्या चादरींत गुंडाळली जातात, टेम्पोत चढतात आणि घरी जाऊन पलंगाखाली सरकतात. ज्या भिंतीवर ती होती तिथे दुसऱ्या दिवशी एखाद्या परिसंवादाचा फलक लागलेला असतो.

या सोहळ्याचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कलेच्या संदर्भात हिशेब मांडणे अरसिकपणाचे समजले जाते. तरीही तो मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, ३० चित्रे मांडावयाची आहेत. चौकट व काच यांस चित्रामागे १,००० रुपये धरले तरी ३०,००० रुपये झाले. सभागृहाचे भाडे, निमंत्रणपत्रिका, वाहतूक, उद्‌घाटनाचा चहा यांस आणखी २०,०००. प्रत्येकी ५,००० रुपयांस चार चित्रे विकली गेली, तर चित्रकाराच्या हाती २०,००० येतात. तूट ३०,००० रुपयांची. रंग, कागद, कॅनव्हास आणि वर्ष-दोन वर्षांचे श्रम हे यात धरलेलेच नाहीत. ज्या व्यवसायात उत्पादनखर्च सोडून केवळ मांडणीचाच खर्च निघत नाही, तो अर्थशास्त्राच्या नियमाने कधीच बंद पडावयास हवा होता. सोलापुरातील चित्रप्रदर्शने मात्र बंद पडलेली नाहीत. अर्थात, कुठून तरी अनुदान येत असले पाहिजे.

ते अनुदान शासनाच्या वा महापालिकेच्या कोणत्याही शीर्षाखाली दिसत नाही. जिल्ह्याच्या गावांतून चित्रे मांडणारे बहुसंख्य लोक माध्यमिक शाळांतील चित्रकला शिक्षक असतात. काही नोकरीत, काही निवृत्त. प्रदर्शनाची तूट त्यांच्या मासिक वेतनातून, क्वचित भविष्यनिर्वाह निधीतून भरून निघते. शहराच्या कलाजीवनाचा भार ड्रॉइंग मास्तरांच्या पगारावर उभा आहे, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती थोडीच होईल. शहराला त्याची जाणीव नाही. आणि त्या शिक्षकांनी तरी ती कधी करून दिली आहे?

पूर्वी हा भार एकट्या शाळेवर नव्हता. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढे हे शहर गिरण्यांचे व मागांचे झाले. सोलापुरी चादरीचा नावलौकिक तिच्या टिकाऊपणाइतकाच तिच्यावरील नक्षीचा आहे. ती नक्षी कोणी तरी काढावी लागते. जेकार्डच्या मागावर मोर उमटण्यापूर्वी तो आधी साध्या कागदावर, मग बारीक चौकटींच्या आलेख कागदावर उतरतो. तेथील प्रत्येक चौकट म्हणजे उभा धागा उचलावयाचा की नाही, याचा आदेश असतो, आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडली जातात. हाताने आलेख भरणारा हा नक्षीकार पूर्व भागातील पद्मशाली वस्तीत आदराने ओळखला जाई. त्याला कोणी चित्रकार म्हटले नाही, आणि त्याच्या चित्रांचे प्रदर्शनही कोणी भरविले नाही. पण त्याची चित्रे देशभरातील घरांतून अंथरली आणि पांघरली गेली. त्यातील काही हात तर चादरीवरून भिंतीकडे वळले. देवदेवतांची व थोर पुरुषांची चित्रे धाग्यांत विणून भिंतीवर लावण्याचा उद्योग सोलापुरात वाढला, तो या कौशल्याच्या बळावरच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. आणि जे माग राहिले, त्यांच्या नक्षीचे काम संगणकाने घेतले.

दुसरा आश्रय चित्रपटगृहांचा. नव्या चित्रपटाचे भव्य फलक हाताने रंगविणाऱ्यांची येथे कार्यशाळाच असे, आणि नायकाच्या चेहऱ्यातील साम्य साधले नाही तर प्रेक्षक रस्त्यात उभा राहून तसे सांगत असे. समीक्षा म्हणतात ती याहून वेगळी काय असते? शेजारच्या गुलबर्ग्यात जन्मलेले एस. एम. पंडित हे मुंबईत चित्रपटांच्या जाहिरातचित्रांनी नावारूपाला आले, आणि त्यांच्या दिनदर्शिकांवरील पौराणिक चित्रांनी दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकातील घरे सजली. पंढरपूरला १९१५ साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनीही मुंबईत उमेदवारीच्या काळात चित्रपटांचे फलकच रंगविले होते. नव्या शतकाच्या प्रारंभी प्लॅस्टिकच्या छापील फलकांनी हा धंदा काही वर्षांतच पुसून टाकला. आज सोलापूरचे चौक चेहऱ्यांनी पूर्वीपेक्षा अधिक भरलेले आहेत. ते चेहरे वाढदिवसाचे आहेत आणि ते रंगविण्यास कोणी लागत नाही, इतकेच.

राहिला तो शाळेतील ड्रॉइंग मास्तर. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांच्या निमित्ताने त्याला शाळेत थोडा मान होता. आता इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे परीक्षेला मुले पुष्कळ बसतात. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. पण खरी अडचण मुलांच्या बाजूने नाही. कला शिक्षकाचे पूर्णवेळ पद निवृत्तीने रिकामे झाले की ते पुन्हा भरले जाईलच, याची शाश्वती गेल्या काही वर्षांत राहिलेली नाही. त्या जागी तासिकेवर वा मानधनावर नेमणूक होते, किंवा गणिताचा शिक्षक चित्रकलेचा तास ‘घेतो’. मानधनावरील तरुण शिक्षक चौकटींसाठी ३०,००० रुपये कोठून आणणार? आज सभागृहांत जी प्रदर्शने दिसतात, त्यांच्यामागे वीस-तीस वर्षांपूर्वी केलेल्या नेमणुका आहेत. ते वेतन संपले की तूट भरून काढणारे कोणी उरणार नाही.

यावर एक ठरलेले उत्तर दिले जाते : ज्याच्या अंगी गुण आहे तो मुंबईला जातो आणि मोठा होतो. हे काही अंशी खरे आहे. मोहोळ तालुक्यातील शिरापूरचे शशिकांत धोत्रे यांनी काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या ग्रामीण स्त्रियांच्या चित्रांना जहांगीर कलादालनात जी गर्दी लोटली, ती सर्वश्रुत आहे. पण १९५२ साली सुरू झालेल्या त्या दालनात जागा मिळण्यासाठी चित्रकारांना कित्येक वर्षे वाट पाहावी लागते. आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने कॅनव्हासची गुंडाळी घेऊन जाणाऱ्या दहा जणांपैकी नऊ तशीच ती परत आणतात. शिवाय, गुणी माणूस गेला म्हणून मागे राहिलेल्या शहराची चित्रे पाहण्याची गरज भागत नाही. लोकांनी डाळिंब व ज्वारी मुंबईला पाठविली, तरी थोडी ज्वारी घरात ठेवलीच.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. येथील प्रदर्शनांतून जे मांडले जाते, ते सारेच चांगले असते असे नाही. तळ्यात प्रतिबिंब पडलेले सिद्धेश्वराचे मंदिर, भुईकोट किल्ल्याचा बुरूज, कपाळी बुक्का लावलेला वृद्ध वारकरी, चंद्रभागेचा घाट ही चित्रे वर्षानुवर्षे इतक्या हातांनी काढली आहेत, की चित्रकाराने प्रत्यक्ष स्थळ पाहिले की मागील वर्षीचे प्रदर्शन पाहिले, असा संशय यावा. दुसरीकडे काही तरुण अमूर्त चित्रे काढतात, ती पुष्कळदा मुंबईच्या मासिकांतील छापील चित्रांची उसनवारी असते. याचे कारण आळस नव्हे. चित्र हे पुनःपुन्हा पाहून कळणारे आहे. पहिल्या भेटीत केवळ विषय दिसतो, रेषा आणि रंग दिसावयास चौथी-पाचवी भेट लागते. तीन दिवसांत कोण चौथ्यांदा येतो? ग्राहकाला विषयच दिसतो म्हणून चित्रकारही विषयच विकावयास आणतो. त्यात अभिप्रायवहीतील ‘अप्रतिम’ आणि वृत्तपत्रातील उद्‌घाटनाची बातमी यांपलीकडे कोणी चित्राविषयी चार शब्द लिहीत नाही. गायनाच्या मैफलीत षड्‌ज हलला तर श्रोता कुजबुजतो. चित्राच्या बाबतीत या शहराला अजून कुजबुजताही येत नाही.

तेव्हा प्रश्न भिंतीचा आहे. आणि तीही उद्‌घाटनाच्या नव्हे, तर कायम राहणाऱ्या भिंतीचा. पुण्यात १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिराबरोबर कलादालन झाले, कोल्हापुरात शाहू स्मारक भवनात चित्रे लागतात. पण भाड्याचे दालन कितीही चांगले असले तरी चौथ्या दिवशी ते रिकामेच होते. खरा धडा सोलापूरच्या अधिक जवळ आहे. औंध हे सातारा, सांगली, सोलापूर या परिसरात विखुरलेले ७२ गावांचे संस्थान. त्याचा आटपाडी महाल तर आजच्या सोलापूर जिल्ह्याच्या सीमेला भिडलेला. उत्पन्न बेताचे, पाऊस त्याहून बेताचा. तेथील बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली औंधच्या टेकडीवर संग्रहालय उभारले आणि राजा रविवर्मा, धुरंधर यांच्या चित्रांपासून हेन्री मूर यांच्या शिल्पापर्यंत कितीतरी गोष्टी खेड्यातील माणसाला पाहावयास ठेवल्या. संस्थान गेले, चित्रे अजून आहेत.

दुसरे उदाहरण शास्त्रज्ञांचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी होमी भाभा यांनी १९५० आणि १९६०च्या दशकांत तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेण्यास प्रारंभ केला आणि त्यासाठी अंदाजपत्रकातील एक टक्का रक्कम मिळविली, असे सांगितले जाते. हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र त्या संस्थेच्या दर्शनी दालनात आहे. त्या काळी ही चित्रे स्वस्त होती. किती स्वस्त? हुसेन यांचे १९५४ मधील ‘ग्रामयात्रा’ हे तेरा तुकड्यांचे चित्र एका परदेशी डॉक्टरने दिल्लीत सुमारे १,४०० रुपयांस घेतले, असे नोंदलेले आहे. पुढे ते नॉर्वेच्या ऑस्लो शहरातील रुग्णालयाकडे गेले आणि कित्येक दशके तेथील एका मार्गिकेत टांगलेले होते. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलर, म्हणजे जवळजवळ ११८ कोटी रुपये आले. ती रक्कम डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवण्यात आली. पंढरपूरच्या मुलाने रंगविलेल्या भारतीय खेड्याचा लाभ ऑस्लोच्या रुग्णालयास झाला, यात विनोद आहे खरा, पण अन्याय नाही. ज्यांनी ते वेळीच भिंतीवर लावले, त्यांना तो झाला.

अर्थात, प्रत्येक चित्राचे असे सोने होते असे समजून खरेदी करणे मूर्खपणाचे ठरेल. वर्षाला पाच-सहा चित्रे, प्रत्येकी दहा हजारांची, एवढेच काम आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये चित्रांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा कलाक्षेत्राला दिलासा मिळाल्याचे सांगण्यात आले. परंतु ४० लाखांच्या आत उलाढाल असणारा विक्रेता साधारणतः त्या कराच्या जाळ्याबाहेरच असतो, आणि सोलापूरच्या चित्रकाराची उलाढाल त्या मर्यादेपासून किती दूर आहे हे वेगळे सांगावयास नको. त्याला करसवलत नको आहे, ग्राहक हवा आहे.

वर्षानुवर्षे चार-चार दिवसांआड नळाला पाणी आलेल्या शहराने चित्रे विकत घ्यावीत काय, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण हेच शहर जानेवारी २०१६ मध्ये देशातील पहिल्या वीस ‘स्मार्ट’ शहरांच्या यादीत आले आणि पुढे रस्ते, चौक, दिवे यांवर मोठा खर्च झाला. त्यांतील एखाद्या दुभाजकाच्या रंगरंगोटीइतक्या पैशात पाच चित्रे येतात, आणि दुभाजक दर दोन वर्षांनी पुन्हा रंगवावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : निवड कोण करणार? समिती नेमली की नगरसेवकाचा भाचा चित्रकार निघतो आणि खरेदीच्या यादीत प्रथम नेत्यांची व्यक्तिचित्रे येतात. हा धोका टळणारा नाही. निवड करणारे दरवर्षी बदलणे, त्यांतील दोघे तरी जिल्ह्याबाहेरचे असणे, आणि कोणती चित्रे घेतली व कोणती नाकारली हे कारणांसह प्रसिद्ध करणे, एवढ्याने तो थोडा आवरता येईल. नाकारण्याची कारणे छापून आली, तर त्या कुजबुजीलाही कदाचित सुरुवात होईल.

नव्या इमारतीची मागणी मात्र कोणी करू नये. इमारत मंजूर झाली की भूमिपूजनातच उत्साह संपतो. शासकीय रुग्णालयाच्या लांबलचक मार्गिका आहेत, महापालिकेची दालने आहेत, विद्यापीठाच्या आवारात भिंतींची वाण नाही. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकाइतका वेळ घेऊन चित्राकडे पाहणारा प्रेक्षक दुसरीकडे कोठे मिळणार?

घाई एका गोष्टीची आहे. येत्या काही वर्षांत निवृत्त होणाऱ्या आणि आधीच झालेल्या कला शिक्षकांच्या घरांत तीस-तीस वर्षांचे काम पडून आहे. त्यात गिरण्यांच्या चिमण्यांची जलरंगातील चित्रे असतील, पाडल्या गेलेल्या वाड्यांची रेखाटने असतील, आज न दिसणारी गड्ड्याची जत्रा असेल. त्यातून निवडण्याजोगे काय आहे, कोणते कधी व कोठे काढले, हे सांगणारा माणूस हयात असेपर्यंतच ती नोंद होऊ शकते. त्यानंतर चित्रे मुलांकडे जातात, आणि मुलांच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत पलंगाखालीसुद्धा जागा नसते.