मीटर कोणाच्या नावावर आहे?

महिन्याचा दुसरा आठवडा आला की आमच्या वस्तीत नळावर, जिन्यात, रेशनच्या रांगेत एकच प्रश्न ऐकू येतो, "तुमचं किती आलं?" काय आलं, हे कोणी विचारत नाही. लाईट बिल! पगार बारा तारखेला, बिल दहाला. खोलीत दोन पंखे, दोन ट्यूबा, एक टी.व्ही., एक जुना फ्रीज. एवढ्या संसाराला एवढे बिल कसे, हा हिशेब कोणालाच लागत नाही, आणि न लागणारा हिशेब गरीब माणूस गुपचूप भरून टाकतो.

गेल्या उन्हाळ्यात चेंबूरकडील एका विहारात रविवारची वंदना झाल्यावर आम्ही उपासक-उपासिकांना सांगितले, की पुढच्या रविवारी येताना आपापले बिल घेऊन या. सोबत बसून वाचू. लोक हसले. बिल काय वाचायचे? पण पुढच्या रविवारी सतरंजीवर बिलांचा ढीग पडला. कोणी प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन वर्षांची बिले घालून आणली होती, कोणाच्या बिलावर पोराने गणिते सोडवली होती.

पहिली गोष्ट दिसली ती ही, की सगळ्यांची नजर थेट शेवटच्या आकड्यावर जाते. त्याच्या वरच्या ओळींत काय आहे? स्थिर आकार, म्हणजे दिवा लावा न लावा, द्यावाच लागणारा. वीज आकार, म्हणजे वापरलेल्या युनिटांचा. वहन आकार, म्हणजे तारांचे भाडे. इंधनाच्या भावाप्रमाणे वर-खाली होणारा आकार. आणि या सर्वांवर सरकारचे विद्युत शुल्क, घरगुती ग्राहकाला शेकडा १६. म्हणजे "युनिटचा भाव अमुक" असे कोणी सांगितले, तर तो आपल्या बिलाचा एक तुकडाच असतो.

एका काकांनी ठणकावून सांगितले, "शंभराच्या वर एक युनिट गेलं, की सगळ्याच युनिटांना वरचा भाव लागतो." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. हे खरे नाही. महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. १०१ युनिटे जळली, तर पहिली १०० खालच्याच भावाने आणि शेवटचे एकच वरच्या भावाने. मात्र काकांच्या शंकेत एक खरी गोष्ट दडलेली आहे. मीटर वाचणारा एक महिना आला नाही आणि पुढच्या वेळी दोन महिन्यांची १८० युनिटे एकदम लावली, तर टप्पाही दोन महिन्यांचा धरला पाहिजे. म्हणजे २०० पर्यंत पहिलाच भाव. तसा तो धरला आहे की नाही, हे बिलावरचे दिवस मोजून पाहावे. २०२० च्या टाळेबंदीत मीटर वाचणे बंद होते, आधीच्या थंडीच्या महिन्यांच्या सरासरीने बिले गेली, आणि जूनमध्ये उन्हाळ्याचा सारा फरक एकदम आला, तेव्हा हातात काम नसलेल्या घरांची काय गत झाली ते आपण विसरलेलो नाही.

आता मुख्य विषय. "कंपनी बदलली तर बिल कमी येतं म्हणे!" हे वाक्य त्या रविवारी निदान दहा जणांनी उच्चारले असेल.

मुंबईच्या उपनगरांत ही सोय खरोखरच आहे. १९२९ साली स्थापन झालेली बी.एस.ई.एस. ही उपनगरांची वीज कंपनी. ती २००३ मध्ये रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानीकडे गेली. याच भागात घरगुती ग्राहकाला वीज विकण्याचा हक्क टाटा पॉवरलाही आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये दिला. पुढे ऑक्टोबर २००९ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने वाट मोकळी केली, की तारा जुन्या कंपनीच्याच राहतील, वीज मात्र ग्राहकाने दुसरीची घ्यावी. कुर्ला, चेंबूर, गोवंडी, मानखुर्द, घाटकोपर हा सगळा टापू यात येतो. भांडुप-मुलुंडपासून ठाणे, नाशिक, नागपूरपर्यंत महावितरण एके महावितरण. कुलाबा ते शीव-माहीम बेस्ट. तिथे बेस्टच्या तारांवरून दुसऱ्याची वीज घरी घेण्याची सोय नाही. तेव्हा नायगाव-वरळीच्या आमच्या बांधवांनी कोणा दलालाच्या गोष्टीला भुलू नये.

सुरुवातीच्या वर्षांत गंमत अशी झाली, की नवी कंपनी जास्त वीज जाळणारी गिऱ्हाइके उचलते, लहान घरांकडे पाहत नाही, असा वाद उभा राहिला. २०१२ साली आयोगाने काही काळ ३०० युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांनाच बदलाची मुभा ठेवली होती. म्हणजे गरिबाच्या घरी जायचे, तर आयोगाचा हुकूम लागला!

आमच्या एका भाऊंनी काही वर्षांपूर्वी गल्लीत आलेल्या माणसाच्या सांगण्यावरून बदल केला. त्या माणसाने फक्त वीज आकार दाखवला होता. पण तारांचे भाडे तारा ज्याच्या त्याच्या हिशेबाने लागते, वेळप्रसंगी अधिभारही असतो, हे त्याने सांगितले नाही. नवी सुरक्षा ठेव भरावी लागली. जुनीचा हिशेब मिळेपर्यंत खेटे झाले. पहिले वर्ष थोडी बचत झाली, पुढे आयोगाने दर बदलले आणि बचत गेली. कधी हिची स्वस्त, कधी तिची, असेच आजवर चालत आले आहे. आमचा सल्ला साधा आहे. मागच्या बारा बिलांतील युनिटे एका कागदावर मांडा, दोन्ही कंपन्यांचे सध्याचे सगळे आकार त्यांना लावा, वर्षाची बेरीज करा. घरातला दहावीचा मुलगा हे अर्ध्या तासात करतो. वर्षाला चांगली रक्कम सुटत असेल तर जरूर बदला. जुनी थकबाकी मात्र आधी चुकती करावी लागते.

तेवढ्यात मागे बसलेली एक ताई म्हणाली, "पण आमच्याकडे बिलच नाही. मालक वहीत लिहितो, आम्ही देतो."

आणि मग लक्षात आले, की सतरंजीवर ज्यांची बिले होती त्यांच्यापेक्षा हात हलवीत आलेल्यांचे दुखणे मोठे आहे. ताई धुण्या-भांड्याची कामे करते. पाच खोल्या, मालकाच्या नावावर एक मीटर, प्रत्येक खोलीला त्याने लावलेला छोटा मीटर, आणि युनिटमागे तो सांगेल तो सरसकट भाव. हिशेब पाहा. पाच खोल्यांनी प्रत्येकी ९० युनिटे जाळली, तर मोठ्या मीटरवर ४५० दिसतात. त्यातली पहिली १०० स्वस्त, पुढची २०० महाग, उरलेली १५० त्याहून महाग. तीच माणसे, तेच पंखे, पण प्रत्येकीचा मीटर वेगळा असता तर ४५० च्या ४५० युनिटे पहिल्याच टप्प्यात बसली असती! कंपनी बदलून जे सुटते ते याच्यापुढे काहीच नाही. आणि कंपनी बदलण्याचा अर्ज करायचा, तरी तो मीटर ज्याच्या नावावर आहे त्यानेच करायचा.

२००३ च्या वीज कायद्याचे ४३ वे कलम म्हणते, की जागेच्या मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने अर्ज केला तर वीज पुरवणे कंपनीचे कर्तव्य आहे. "किंवा राहणाऱ्याने" हे शब्द तोंडपाठ करावेत. मग मालक का अडवतात? कारण लाईट बिल हा राहण्याचा पुरावा आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या पाहणीत हाच कागद पाहिला जातो. मालकाला भीती विजेची नसते, त्या कागदावरील नावाची असते. आपल्या स्वतःच्या खोल्यांतही निष्काळजीपणा आहेच. सासरा जाऊन पंधरा वर्षे झाली, नवराही गेला, तरी बिल सासऱ्याच्याच नावाने. नाव बदलण्याचा अर्ज विधवा सुनेने आजच टाकावा, वाटणीचे भांडण निघण्याआधी.

बिल चुकीचे वाटले तर? कलम ५६ प्रमाणे वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांत जी कमी असेल ती "तक्रार राखून" भरली, तर निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. कंपनीने ऐकले नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, तिथेही नाही तर विद्युत लोकपाल. तोंडी भांडू नये; अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

वापराबद्दल थोडेच सांगतो, कारण आपली माताभगिनी मुळातच दिवा मालवून बसते. जुना पंखा ७५ वॅटचा. तो रोज १५ तास फिरला, तर महिन्याला सुमारे ३४ युनिटे. नवा ३० वॅटचा पंखा तेवढ्याच वेळात साडेतेरा. शंभराच्या उंबरठ्यावर असलेल्या घराला हा एक पंखा खालच्या टप्प्यात आणतो. महाग आहे खरा. बचत गटातून हप्त्याने घेता येतो.

वीज हा श्रीमंतांचा विषय नव्हे, हे आपल्याला तरी नव्याने सांगायला नको. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते आणि वीज खातेही त्यांच्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मधील भाषणात त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला, कारण विजेवाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून दारिद्र्यातून सुटका नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

ताईने पावसाळ्यात अर्ज केला. मालक आधी भडकला, मग खोली खाली करायला सांगू लागला. उरलेल्या चार खोल्यांतील बायाही अर्ज घेऊन उभ्या राहिल्यावर तो नरमला. भाडेपावत्या, आधार कार्ड, मुलीच्या शाळेचा दाखला असे कागद जोडले. एकदा अर्ज परत आला, दुसऱ्यांदा घेतला गेला. दिवाळीनंतर मीटर बसला. पहिले बिल ८७ युनिटांचे आले. त्यावर तिचे नाव चुकीचे छापले होते. ते दुरुस्त करायला तिने पुन्हा अर्ज दिला आहे. कंपनी बदलायची का, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "आधी बारा बिलं जमू द्या."