पाण्यात उशिरा (लेखांक सहावा) : पहिली शर्यत पन्नास मीटरची

मागच्या पाच लेखांकांत पाण्याची भीती, तरंगणं, श्वास, किक आणि हातांची ओढ इथवर आपण आलो. मालिका सुरू झाल्यापासून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतो आहे : चाळिशी उलटल्यावर पोहायला शिकलेल्या माणसाने स्पर्धेत उतरण्यात काही अर्थ आहे का? माझं उत्तर असं, की अर्थ आहे, आणि पहिली शर्यत ५० मीटर फ्रीस्टाईलचीच असावी. पदकासाठी नव्हे. एका लांबीमागून दुसरी लांबी नुसती मोजत राहिलं, तर वर्षानुवर्षं त्याच चुका पक्क्या होतात. तारीख ठरलेली शर्यत समोर असली की त्या चुका शोधाव्याच लागतात.

प्रौढांच्या स्पर्धात्मक पोहण्याला जगभर ‘मास्टर्स’ म्हणतात. नावावरून ही निष्णातांची स्पर्धा वाटेल, पण तसं नाही. अमेरिकन नौदलातले डॉक्टर रॅन्सम आर्थर यांच्या पुढाकाराने १९७० साली टेक्सासमधल्या अमरिलो इथे प्रौढांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. कॉलेज सुटल्यावर पोहणं सुटतं आणि तब्येत ढासळते, तेव्हा लोकांना व्यायामाला काही निमित्त द्यावं, एवढाच त्यामागचा हेतू. पुढे १९८६ साली टोकियोत पहिली जागतिक मास्टर्स स्पर्धा भरली. आपल्याकडेही भारतीय जलतरण महासंघ मास्टर्सची राष्ट्रीय स्पर्धा घेतो.

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मास्टर्सची सुरुवात पंचविशीत होते आणि पुढे पाच-पाच वर्षांचे गट पडतात : २५ ते २९, ३० ते ३४, असं करत थेट शंभरीच्या पलीकडे. वय धरतात ते त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचं. म्हणजे नोव्हेंबर १९८६ मध्ये जन्मलेली व्यक्ती २०२६ च्या जानेवारीतही ४० ते ४४ गटातच पोहते. पंचेचाळिसावं लागलं म्हणून खूश झालेली माणसं मास्टर्सच्या तलावावर हमखास भेटतात, कारण ती नव्या गटात सगळ्यांत तरुण असतात. शिवाय इथे उपांत्य आणि अंतिम अशा फेऱ्या नसतात. प्रत्येक जण एकदाच पोहतो, हीट कोणतीही असो, वेळ नोंदली जाते आणि गटातला क्रम त्या वेळेवर ठरतो.

नवख्याच्या मनातली धास्ती बहुधा नियमांची असते. खरं तर नियम त्याच्या बाजूचे आहेत. मास्टर्समध्ये उंच ब्लॉकवरूनच सूर मारला पाहिजे अशी सक्ती नाही. तलावाच्या काठावरून सुरुवात करता येते, किंवा पाण्यात उतरून भिंतीला पाय लावून निघता येतं. फ्रीस्टाईलमध्ये वळताना शरीराचा कोणताही भाग भिंतीला लागला की पुरे, म्हणजे कोलांटी टर्न येत नसली तरी हाताने भिंत धरून वळता येतं. दम लागून मध्येच तळाला पाय टेकले तरी फ्रीस्टाईलमध्ये बाद होत नाही, फक्त चालायचं नाही आणि लेनची दोरी ओढायची नाही. आणि फ्रीस्टाईल म्हणजे कोणत्याही शैलीत पोहण्याची मुभा. एरवी सगळे क्रॉल पोहतात ते तो सर्वांत वेगवान म्हणून.

या मुभेचा जगातला सर्वांत सुंदर उपयोग जपानच्या मिएको नागाओका यांनी केला. गुडघ्याच्या दुखण्यासाठी उपचार म्हणून त्या वयाच्या ऐंशीच्या घरात पाण्यात उतरल्या. एप्रिल २०१५ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांनी १५०० मीटर फ्रीस्टाईल पुरी केली, तीही पाठीवर पोहत, बॅकस्ट्रोकने. वेळ लागला १ तास १५ मिनिटं ५४.३९ सेकंद. शंभरी गाठलेल्या व्यक्तीने हे अंतर स्पर्धेत पुरं करण्याची ती पहिलीच वेळ होती.

उशिरा सुरुवात करणाऱ्यांचं आपल्या मातीतलं उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर. ते सैन्यातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं आणि त्यानंतर उपचाराचा भाग म्हणून ते पोहण्याकडे वळले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत जिंकली. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्णपदक. तेव्हा त्यांचं वय सत्तावीस होतं. शर्यत कोणती, तर हीच, पन्नास मीटरची.

आता मुद्द्याचं. पन्नास मीटरच का?

कारण एवढ्याशा अंतरात पोहण्याचे सगळे धडे येतात आणि एकही चूक लपत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. त्यात वेग दुप्पट केला की विरोध साधारण चौपट होतो आणि तो वेग टिकवायला लागणारी ताकद जवळजवळ आठपट. म्हणून नवखा माणूस जोर वाढवतो तेव्हा दम दुप्पट लागतो आणि घड्याळात दोन-तीन सेकंदही वाचत नाहीत. प्रौढ वयात ताकद आठपट वाढवणं कोणाच्या हातात नाही. विरोध कमी करणं मात्र प्रत्येकाच्या हातात आहे.

आमच्या सकाळच्या बॅचमध्ये साताऱ्याकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक येतात. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेले. तासभर पोहले तरी थकत नाहीत, पण पन्नास मीटरला जेव्हा पहिल्यांदा वेळ लावली तेव्हा त्यांना आणि आम्हालाही आश्चर्य वाटलं, इतकी ती जास्त होती. काठावर आडवं बसून पाहिल्यावर कारण दिसलं. विहिरीत आणि नदीत डोकं वर ठेवूनच पोहावं लागतं. समोर कोण उडी टाकतंय, धार कुठे नेतेय हे बघायचं असतं. सरांची हनुवटी पाण्याबाहेर होती, त्यामुळे कंबर वीतभर खाली गेलेली आणि पाय त्याहून खाली, तिरपे. म्हणजे ते अंगाचा पसरट भाग समोर धरून पाणी ढकलत चालले होते. किकची निम्मी मेहनत पाय वर आणण्यात जात होती.

त्यांना एकच गोष्ट करायला सांगितली : नजर तळावरच्या काळ्या पट्टीवर, पाण्याची पातळी डोक्याच्या मध्यावर, आणि श्वास घेताना डोकं उचलायचं नाही, अंगाबरोबर कुशीवर वळवायचं, इतकं की एक गॉगल पाण्यातच राहील. पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी गेलं आणि सर वैतागले. मग एक दिवस कंबर आपोआप वर आली. त्या दिवशी हात मारण्याचा वेग तोच होता, जोर तोच होता, पण पंचवीस मीटरला लागणारे हात चार-पाचने कमी झाले. सरांनी काठाशी येऊन आधी विचारलं ते हे, की कोणी त्यांना मागून ढकललं तर नाही ना.

शर्यत तुकड्यांत पाहिली की तिची भीती राहत नाही. आधी पंचांच्या छोट्या शिट्ट्या होतात, म्हणजे तयार व्हा. मग एक लांब शिट्टी, म्हणजे जागेवर या. ‘टेक युवर मार्क्स’ म्हटलं की स्तब्ध राहायचं. या क्षणी जो हलतो आणि इशाऱ्याआधी निघतो तो बाद. दुसरी संधी नाही. त्यामुळे नवख्याने बाणासारखं सुटण्याच्या नादी न लागता आवाज ऐकून निघावं. हरणार ते अर्धा सेकंद, पण शर्यत हातात राहील.

निघाल्यावर दोन्ही हात कानांमागे ताणून, तळहातावर तळहात ठेवून सरळ सरकत जा. भिंतीला दिलेल्या रेट्याचा वेग हा आपल्या पोहण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो. तो विरेपर्यंत हात हलवायचे नाहीत. २५ मीटरच्या तलावात सुरुवातीला पाच मीटर आणि टर्ननंतर पाच मीटर असं सरकता आलं, तर पन्नासातले दहा मीटर हात न मारता पार झाले. नियमाने पंधरा मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं, पण त्या मर्यादेची काळजी आपल्याला करायची नाही.

पहिले पंचवीस मीटर मन आवरून पोहायचे. सगळ्यात जास्त शर्यती इथेच वाया जातात. बाजूच्या लेनमधला पुढे दिसतो, आपण श्वास रोखून हात फिरवतो आणि टर्नपाशी छाती फुटायची वेळ येते. ही घुसमट प्राणवायू संपल्यामुळे होत नाही. ती रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साईडमुळे होते. म्हणून तोंड पाण्यात असताना सतत बुडबुडे सोडत राहायचे. उच्छ्वास पाण्यात पुरा झाला तरच कुशीवर वळल्यावर मिळणाऱ्या क्षणभरात हवा आत घेता येते. दर दोन हातांना एक श्वास घ्यायला काहीच लाज नाही.

शेवटचे पाच मीटर कुठे सुरू होतात ते डोक्यावरची झेंड्यांची माळ सांगते, आणि तळावरची काळी पट्टी भिंतीच्या दोन मीटर आधी आडव्या रेघेने संपते. तिथून डोकं वर न काढता भिंतीत हात घालायचा. हे किती महत्त्वाचं, ते कोल्हापूरच्या वीरधवल खाडेला विचारावं. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहलेला हा जलतरणपटू तहसीलदाराच्या नोकरीमुळे मधली काही वर्षं स्पर्धांपासून दूर राहिला आणि परत उभा राहिला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाईलला त्याची वेळ होती २२.४७ सेकंद. कांस्यपदक हुकलं एक शतांश सेकंदाने. त्या वेगाला एक शतांश सेकंद म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर अंतर.

तयारीला काय लागतं? न थांबता, न धापा टाकता २०० मीटर पोहता येत असेल तर पन्नासला नाव द्यायला हरकत नाही. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी पाऊण तास, असे दोन-तीन महिने द्या. सुरुवातीला २०० मीटर सावकाश. मग चार वेळा २५ मीटर फक्त डोकं आणि कुशी सांभाळत. मग मुख्य भाग : आठ वेळा २५ मीटर, प्रत्येकी अर्धा मिनिट विश्रांती घेऊन, आठही जवळपास सारख्याच वेळेत. पहिलं पंचवीस जोरात आणि आठवं मरत-मरत, हा सराव नव्हे. शेवटी शंभर मीटर संथ.

सोबत एक आकडा वहीत टिपत जा. २५ मीटरला लागलेले सेकंद आणि मारलेले हात यांची बेरीज. याला पोहणारे ‘स्वोल्फ’ म्हणतात. ३२ सेकंद आणि २६ हात, तर स्वोल्फ ५८. वेळ कमी झाली पण हात वाढले तर बेरीज जिथल्या तिथे राहते, म्हणजे नुसता जोर लावला. बेरीज उतरली तर पोहणं सुधारलं. दुसऱ्याच्या आकड्याशी मात्र ती ताडून पाहू नका, उंची आणि हाताची लांबी यांनी ती बदलते.

तीन गोष्टींत तडजोड नको. पहिली, चाळिशीपुढच्यांनी, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी, जोराचा सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. दुसरी, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे खांदे पुढे झुकलेले आणि आखडलेले असतात. खांद्यात टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी हात थांबवून किक करावी. तिसरी सर्वांत गंभीर : दीर्घ श्वास भराभर घेऊन मग पाण्याखाली दम धरण्याच्या पैजा लावू नयेत. त्यात घुसमट जाणवायच्या आतच शुद्ध हरपते, आणि चांगले पोहणारेही असे बुडाले आहेत. सुराबद्दलही तेच. ब्लॉकच्या भिंतीपाशी आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे किमान १.३५ मीटर खोली लागते. उथळ बाजूने सूर कधीही मारू नये, पाण्यातून सुरुवात करावी.

प्रवेशपत्रिकेत तुमची वेळ विचारतात. ती खरी लिहा, कारण हीट त्यावरून लावतात आणि सर्वांत वेगवान व्यक्तीला मधली लेन मिळते. वेळ कमी करून लिहिली तर आजूबाजूचे सगळे पुढे निघून जातील. खरी लिहिली तर तुमच्याच वेगाची माणसं शेजारी असतील आणि शर्यतीची खरी मजा येईल. वयोगट, वयाचा पुरावा, वैद्यकीय दाखला यांच्या अटी त्या-त्या स्पर्धेच्या पत्रकात असतात, त्या आधी वाचा.

या आठवड्यात तलावावर कोणाला तरी घड्याळ धरायला सांगून पन्नास मीटरची वेळ एकदा लावा, आणि ती कितीही असो, वहीत तारखेसह लिहा. मग जिल्हा जलतरण संघटनेकडे पुढच्या मास्टर्स स्पर्धेची चौकशी करून नाव द्या. पुढच्या लेखांकात ब्रेस्टस्ट्रोक : दिसायला सोपा, पण नियमांना सर्वांत काटेकोर.