मान वर ठेवून लिहायचे पत्र

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की कोकणातल्या मुस्लीम घरांत सहरी, इफ्तार आणि तरावीहच्या जोडीने आणखी एक काम चालते. ते म्हणजे जकातीचा हिशेब. वर्षभर हाताशी राहिलेली शिल्लक, सोने-चांदी आणि दुकानातला माल यांची बेरीज ठरलेल्या मर्यादेपुढे गेली, की त्यातले अडीच टक्के गरजूंसाठी बाजूला काढायचे. लाखाला अडीच हजार. या पैशातून कुणाचे औषधपाणी होते, कुणाचे घरभाडे भरले जाते, तर कुणाची कॉलेजची फी.

फी भरली गेली की दुसऱ्या एका घरात दुसरे काम सुरू होते. समजा, पेणमध्ये पापड लाटून संसार चालवणाऱ्या आईची मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेकडून निरोप येतो, ‘देणगीदारांना आभाराचे पत्र लिहून द्या.’ मुलगी वही घेऊन बसते. ‘मी अत्यंत गरीब कुटुंबातील...’ एवढे लिहिते आणि पान फाडते. आभार मानायला ती तयार आहे. गरिबी लिहून द्यायला तिचा हात धजत नाही.

तिची ही अडचण धर्मानेही ओळखली आहे. दिल्यानंतर उपकार बोलून दाखवणे आणि घेणाऱ्याचे मन दुखावणे यामुळे केलेले दान वाया जाते, असे कुरआन देणाऱ्याला बजावते. खरा दाता मोबदला मागत नाही आणि आभारही मागत नाही. उघड दिले तर चांगलेच, पण गुपचूप दिलेले अधिक चांगले. दुसरीकडे, जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, अशा अर्थाची प्रेषितांची हदीस घेणाऱ्यासाठी आहे. म्हणजे देणाऱ्याने पत्राची वाट पाहायची नाही आणि घेणाऱ्याने ते लिहायला चुकायचे नाही. मान झुकवण्याची सक्ती मात्र कुठेच नाही. कारण श्रीमंताच्या संपत्तीत गरजूचा ठरलेला हक्क असतो, असेही कुरआन सांगते. हक्क मिळाला म्हणून आभार जरूर मानावेत, पण लाज कशाला वाटावी?

हाच विचार याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावच्या एका मुलाने वेगळ्या शब्दांत देशभर नेला. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. अरबी शिकून त्यांनी कुरआन मुळातून वाचले आणि ‘कुराण-सार’ हे संकलन केले. १९५१ मध्ये सुरू झालेल्या भूदान चळवळीत दान म्हणजे संविभाग, अर्थात न्याय्य वाटणी, असे ते शंकराचार्यांचा आधार घेऊन सांगत. ‘मला घरातलाच एक मुलगा समजा आणि माझा वाटा द्या’ अशी त्यांच्या मागणीची रीत होती. वाटा घेणारा मिंधा नसतो.

विनोबांनंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाड तालुक्यातील नाते गावी चिंतामणराव देशमुख यांचा जन्म झाला. त्यांचे घर रोह्याचे. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. नाना शंकरशेट १८६५ मध्येच निवर्तले होते. पत्र पाठवायचे तरी कोणाला? पण चिंतामणरावांनी संस्कृत कधी सोडले नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या या माणसाने कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठी पद्यात आणले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी देशाच्या उच्च शिक्षणाची धुरा वाहिली. आज रोह्यात त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. मिळालेल्या शिक्षणाचे चीज करणे, हेही आभाराचे पत्रच.

मग पेणच्या त्या मुलीने काय लिहावे? रडगाणे नको आणि स्तुतीही नको. आपले नाव, वर्ग, मिळालेले पैसे कशाला लागले, कोणता विषय आवडतो, कोणता अवघड जातो आणि पुढे काय करायचे आहे, एवढे पुरे. ‘आपण दिलेल्या पैशातून दुसऱ्या सत्राची फी भरली आणि रसायनशास्त्राची दोन पुस्तके घेतली. गणित अजून कच्चे आहे, त्यावर मेहनत घेत आहे.’ अशी दोन खरी वाक्ये पानभर विशेषणांपेक्षा देणाऱ्याला अधिक समाधान देतात. शेवटी ‘जज़ाकल्लाहु खैरन’, म्हणजे अल्लाह तुम्हाला उत्तम मोबदला देवो. देणारा हिंदू असो वा मुसलमान, ही दुआ कोणालाही देता येते. मराठीत लिहावे की उर्दूत, हेही तिनेच ठरवावे.

संस्थांनीही थोडे जपावे. धनादेश हातात देऊन फोटो काढण्याचा आग्रह नको. देताना ‘ही जकात आहे’ असे घेणाऱ्याला सांगणे बंधनकारक नाही. पत्र मागायचेच असेल तर प्रगतीचे मागावे, परिस्थितीचे नको.

ईदच्या नमाजाआधी फित्रा दिला जातो, तो गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटावी म्हणून. त्याच सकाळी त्या मुलीचे पत्रही लिहून तयार असावे. त्यात ‘गरीब’ हा शब्द नसावा आणि खाली तिची ठसठशीत सही असावी.