मावळा व्हायचंय? मग वर्षभर व्हा!

शिवजयंती झाली की अंगरखा कपाटात जातो, तो थेट पुढच्या फेब्रुवारीत बाहेर येतो. 🚩 हा छंद टिकवायचा तर वर्षाची आखणी हवी.

📅 पाडव्याला मुंबईत गिरगावची शोभायात्रा. ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक सोहळा (मूळ घटना १६७४). जुलैत पन्हाळा–विशाळगड मोहीम. याच वाटेवर बाजीप्रभूंनी खिंड लढवली ती १६६० च्या जुलैत. दसऱ्याला शस्त्रपूजा.

🧵 पोशाख: हिंदमाताच्या कापडबाजारात चकचकीत सॅटिन टाळा, जाडसर सुती कापड घ्या. अंगरख्याला बटणं नकोत, बंद लावा. दरवर्षी एकच वस्तू नवी करा: यंदा पगडी, पुढच्या वर्षी शेला.

⚔️ सराव: सुरुवात लाठी आणि फरी-गदग्याने, तीही जाणत्या वस्तादाकडेच. दांडपट्टा २०२४ मध्ये राज्यशस्त्र झाला खरा, पण तो हातात घ्यायची घाई नको. धारदार पात्यांना शस्त्र कायदा लागू होतो, हेही ध्यानात ठेवा.

🏛️ पावसात हिंदमाताला पाणी भरलं की सराव बंद. ते दिवस वाचनाला द्या. उघडीप मिळाली की काळा घोड्याचं वस्तुसंग्रहालय गाठा. तिथला शस्त्रविभाग निवांत बघा.

असा छंद अमेरिकेतही आहे: रॉकी पर्वतात सापळे लावणाऱ्या शिकाऱ्यांचे १८२५ ते १८४० मधले मेळावे हौशी मंडळी आज पुन्हा भरवतात. तेव्हाची साधनं स्वतः बनवण्यातच त्यांना खरी गोडी.

तुम्ही यंदा काय शिवताय, काय शिकताय? खाली लिहा. 👇

#मर्दानीखेळ #मावळा #हिंदमाता