तुडतुडा, ट्राऊट आणि रानकोंबडा

कपाशीवरचे तुडतुडे शेतकऱ्याची झोप उडवतात. पण याच चिमुकल्या किड्याची नक्कल करून मासे पकडण्याचा एक छंद जगभर जोपासला जातो आणि त्या छंदाचा एक धागा थेट आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्यापर्यंत पोहोचतो!

गळाला लावायची 'फ्लाय' म्हणजे खरीखुरी माशी नव्हे. बारीक गळावर दोरा, लोकर, पिसं गुंडाळून केलेला तो खोटा किडा असतो. लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं लावलेल्या अशा गळाचं वर्णन सुमारे 1800 वर्षांपूर्वी एलियन या रोमन लेखकाने करून ठेवलंय. पुढची अनेक शतकं नक्कल व्हायची ती मुख्यतः पाण्यात जन्मणाऱ्या किड्यांची. मात्र उन्हाळा सरू लागला की, हे किडे कमी होतात. मग माशांचं पोट भरतं ते काठावरच्या गवतातून, झाडांवरून वाऱ्याने पाण्यात पडणाऱ्या मुंग्या, भुंगेरे आणि नाकतोड्यांवर.

अमेरिकेत पेनसिल्वानियातल्या लेटॉर्ट ओढ्यावरचे ट्राऊट मासे असंच काहीतरी टिपत, पण काय ते दिसत नसे. व्हिन्सेंट मारिनारो आणि त्याचा मित्र चार्ल्स फॉक्स यांनी त्याचा छडा लावला. मारिनारोने काठावर पालथं पडून पाणी न्याहाळलं, तेव्हा त्यावर तरंगणारे इवलेसे किडे दिसले. त्यांत तुडतुडेही होते! मासा किड्याला खालून, उजेडाच्या पार्श्वभूमीवर पाहतो. त्याला दिसते ती फक्त आकृती. तेव्हा किड्याची जाडी साधायची गरजच काय? मारिनारोने इवल्या गळावर एकच चपटं पीस आडवं बसवलं. ही 'जॅसिड' फ्लाय त्याच्या 1950 मधल्या पुस्तकामुळे गाजली. जॅसिड म्हणजेच तुडतुडा.

ते पीस होतं राखाडी रानकोंबड्याच्या मानेचं. नराच्या या पिसांवर मेणासारखे चकचकीत ठिपके असतात. व्हिक्टोरियन काळापासून इंग्लंडमध्ये सामन माशाच्या रंगीबेरंगी फ्लायसाठी त्यांना प्रचंड मागणी होती. हा पक्षी मात्र भारताबाहेर रानात आढळत नाही. सह्याद्री हे त्याचं हक्काचं घर. उत्तरेकडे तो अरवलीत माऊंट अबूपर्यंत दिसतो. त्याच अरवलीच्या दुसऱ्या टोकाला, गुरुग्रामच्या टेकड्यांत, तो नाही. तिथे राज्य मोराचं!

परदेशी शौकिनांच्या हौसेची किंमत हा पक्षी जीव देऊन मोजत होता, कारण पिसांसाठी मानेचं अख्खं कातडंच विकलं जाई. आज वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार त्याची शिकार आणि पिसांचा व्यापार हा गुन्हा आहे. परदेशातले कारागीर आता पाळीव पैदाशीच्या पक्ष्यांची पिसं वापरतात किंवा साध्या कोंबडीच्या पिसाला लाखेचा हात देऊन काम भागवतात. मुंगी, भुंगेरा, नाकतोडा तर फोमच्या तुकड्यातूनही झकास साधतो. शिवाय तो बुडत नाही!

गुरुग्राम-दिल्लीकडचे हौशी हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राऊटसाठी जातात, तेव्हा त्यांनाही ही फोमची मुंगी पुरते. माशाला हवी असते फक्त आकृती. फोम आणि अस्सल पीस यांतला फरक कळतो, तो फक्त माणसाला. रानकोंबड्याच्या जिवावर बेतलं, ते माणसाच्याच हौसेमुळे.